पिस्तुलाचा अर्ज मी मागे घेतला

काही महिन्यांपूर्वीपर्यंत कोणी विचारलं असतं तर मी ठामपणे सांगितलं असतं की माझ्या घरात एक पिस्तूल असायला हवं. रीतसर परवान्याचं, .३२ बोअरचं, परवडेल अशा किमतीचं. रविवारी रेंजवर नेमबाजीला नेता येईल आणि रात्री घरात असल्याचा आधार वाटेल, असं एकच हत्यार. आज मी तसं म्हणत नाही. कोणी दटावलं म्हणून किंवा कागदपत्रांना कंटाळून माझं मत बदललेलं नाही. हत्यार हातात घेतलं, कायदा वाचला, नेम धरायला शिकलो, घरातल्या माणसांशी बोललो, आणि प्रत्येक पायरीवर आधीचं मत थोडं थोडं सुटत गेलं. गोव्यातल्या आमच्या पेडणे तालुक्यात आणि पलीकडे डिचोलीत सध्या बरेच जण हाच विचार करताहेत. चहाच्या टपरीवर हा विषय निघतो तेव्हा जे तुकड्या-तुकड्यानं बोललो, ते एकदा सलग मांडावं असं वाटलं.

आधी हा विचार आला कुठून ते सांगतो, कारण ते कारण खोटं नव्हतं. आमचं घर भाटात आहे. काजूची झाडं, मागे डोंगर, शेजाऱ्याचं घर हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर, पण मुसळधार पावसात तीही हाक पोचत नाही. ५ जानेवारी २०२३ ला मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि तालुक्याचं चित्र बघता बघता पालटलं. जमिनीचे भाव, नवे बंगले, रात्री-अपरात्री जाणाऱ्या गाड्या, ओळखीचा एकही चेहरा नाही अशी वळणं. त्यात २०२५ च्या ऑक्टोबरात म्हापशात भरवस्तीतल्या एका घरात दरोडा पडला, घरच्यांना बांधून ठेवून ऐवज नेला. भरवस्तीत हे होतं, तर भाटातल्या घराचं काय, हा प्रश्न त्या आठवड्यात पेडण्यातल्या प्रत्येक घरात विचारला गेला असेल. माझी आई अठ्ठ्याहत्तरची. मी कामानिमित्त आठवड्यातून एक-दोन रात्री बाहेर असतो. भीती वाटणं साहजिक होतं, आणि ती अजूनही पूर्ण गेलेली नाही.

दुसरं कारण डिचोलीचं. माझे सासरे तिथले बागायतदार, त्यांच्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी काडतुसाची बंदूक आहे. गोव्यात सत्तरी, डिचोली, पेडणे, काणकोण या पट्ट्यात अशा बंदुका घरोघरी पिढ्यान्पिढ्या आहेत. रानडुकरं एका रात्रीत सुरणाचा वाफा उलथून टाकतात, माकडांचा कळप नारळ कोवळेच पाडतो, गवे कुंपण तुडवून आत शिरतात. त्यांना पिटाळायला हवेत एक बार काढायचा, एवढाच त्या बंदुकीचा संसार. शिकारीची मुभा त्या परवान्यात नाही, आणि वन्यजीव कायद्यानं ती मिळतही नाही. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, आता सत्तरी ओलांडली. वयाची सत्तरी झाली की परवानाधारकाला आपलं हत्यार वारसाच्या नावे करण्याची सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे, त्याची चौकशी करायला मी पणजीला जिल्हाधिकारी कार्यालयात गेलो. तिथंच समजलं की २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं ठेवता येतात, आधी ती मर्यादा तीनची होती. एक बंदूक बाबांची आली तरी दुसरी जागा रिकामी राहील, हा हिशेब मी तिथल्या तिथं मांडला. पिस्तुलाचा अर्ज ऑनलाइन भरायला त्याच आठवड्यात सुरुवात केली.

तिसरं कारण मात्र ना भीतीचं होतं ना शेतीचं. ते होतं आवडीचं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

माझा चुलतभाऊ टेक्सासमध्ये राहतो. त्याच्याकडे गेलो असताना तो मला रेंजवर घेऊन गेला. पाहुणा म्हणून गेलेल्या परदेशी माणसाला तिथं हत्यार हाताळायचं तर शिकारीचा परवाना हाती असावा लागतो. भावानं तो आधीच काढून ठेवला होता. त्याच्याकडे ‘१९११’ होतं. जॉन ब्राउनिंगनं आखलेलं, २९ मार्च १९११ ला अमेरिकी सैन्यानं स्वीकारलेलं आणि १९८५ पर्यंत तिथलं अधिकृत असलेलं हे पिस्तूल. पेटंट केव्हाच संपल्यामुळे ते आता फिलिपिन्समध्ये आणि तुर्कस्तानात स्वस्तात बनतं. भावाचं फिलिपिन्सचं होतं, पाचशे डॉलरच्या आसपासचं. जुन्या वळणाचं, पोलादी, लाकडी मुठीचं, रिकामं असतानाच अकराशे ग्रॅमच्या घरातलं.

ते हातात घेतल्यावर मला जे वाटलं ते अजून विसरलो नाही. पाच इंची नळी, मॅगझीनमध्ये सात गोळ्या. मुठीच्या मागे एक पट्टी आहे, तळहातानं ती नीट दाबली गेल्याखेरीज चाप ओढलाच जात नाही. अंगठ्याखाली दुसरी सेफ्टी, ती वर-खाली होताना स्पष्ट ‘खट्’ वाजते. चाप सरळ मागे सरकतो, कुठंही गोल फिरत नाही, म्हणून बोटाला नेमकं कळतं की आता सुटणार. गोळी सुटली की स्लाइड मागे जाते, नळीचं मागचं टोक किंचित खाली झुकतं, रिकामं काडतूस उजवीकडे उडतं आणि पुढचं आत बसतं. हे सगळं पापणी लवायच्या आत. शंभर वर्षांपूर्वीच्या एका माणसानं कागदावर रेघा ओढून हे जुळवलं, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. पहिली गोळी कागदाच्या कोपऱ्यात लागली, नंतरच्या मध्याकडे सरकत गेल्या. परतल्यावर पिस्तूल म्हटलं की डोळ्यांसमोर तेच यायचं.

इथं आल्यावर पहिला धक्का कायद्यानं दिला. .४५ बोअरचं १९११ भारतात सामान्य नागरिकाला मिळत नाही. सेवेतलं ९ मिमी किंवा .४५ चं काडतूस ज्यात भरता येईल असं कोणतंही पिस्तूल निषिद्ध बोअरमध्ये धरलं जातं. सरकारी कोठारातला दारूगोळा बाहेर फुटला तर तो खासगी हत्यारात चालू नये, हा त्या नियमामागचा जुना हेतू. नियम ब्रिटिशांच्या काळातल्या धास्तीचा आहे खरा, पण त्यात तर्क आहे, आणि मला तो पटतो. परदेशातून नवं हत्यार आणणंही सर्वसामान्य परवानाधारकाला शक्य नाही. म्हणजे उरतात ती .३२ ची पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरं. आपल्या आयुध निर्माण्यांची ‘अशनी’, कानपूरचं रिव्हॉल्व्हर, २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आलेलं पाचशे ग्रॅमचं ‘निर्भीक’, आणि अलीकडे खासगी कारखान्यांची. किमती लाखाच्या आगेमागे. बाहेरची जुनी आयात झालेली हत्यारं हातोहात फिरतात, त्यांच्या किमती ऐकूनच माणूस मागे फिरतो.

तरी मी बेळगावला एका विक्रेत्याकडे जाऊन .३२ चं एक पिस्तूल नीट पाहिलं. कोणत्या कारखान्याचं ते सांगत नाही, कारण एकाच नगावरून एखाद्या कारखान्याला नावं ठेवणं मला योग्य वाटत नाही. जुन्या युरोपीय वळणाचं, चपटं, खिशात मावेल असं. दिसायला देखणं होतं. रिकामं असल्याची खात्री करून विक्रेत्यानं ते हातात दिलं आणि मी स्लाइड ओढून पाहिली. अपेक्षेपेक्षा फारच कडक. याचं कारण मला नंतर समजलं. या लहान पिस्तुलांत १९११ सारखी नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवण्याची रचना नसते. गोळीचा सगळा मागचा धक्का केवळ स्लाइडच्या वजनावर आणि स्प्रिंगवर तोलायचा असतो, म्हणून स्प्रिंग जोरकस लागते. माझ्या बायकोनं ओढून पाहिली तेव्हा तिला ती अर्ध्यावरच नेता आली. आईला तर अजिबात जमली नसती. ज्या रात्री मी घरी नसेन त्या रात्रीसाठी हे पिस्तूल घ्यायचं होतं, हे त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं आणि मी गप्प झालो.

नेम धरायची खाच इतकी उथळ की दुकानाच्या ट्यूबलाइटखालीसुद्धा फोरसाइट, म्हणजे पुढची खूण, शोधावी लागत होती. चाप लांब आणि जड. त्यातून .३२ च्या काडतुसाची एक खोड आहे. त्याच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पिस्तूल ऐन वेळी मुकं होतं. काळजीपूर्वक भरलं तर हे टळतं, पण काळजी शांतपणी घेता येते, रात्री दोन वाजता नव्हे. ताकदीचंही सांगतो. .३२ ची गोळी साधारण ४.६ ग्रॅमची, तिची ऊर्जा पावणेदोनशे ज्यूलच्या आसपास; .४५ ची त्याच्या अडीच पटीहून जास्त. पण म्हणून लहान बोअर म्हणजे खेळणं, असं कोणी समजू नये. १९१४ मध्ये सारायेवोला ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूकवर झाडलेलं आणि ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींवर झाडलेलं, ही दोन्ही पिस्तुलं ९ मिमी शॉर्ट या अशाच लहान काडतुसाची, खिशात मावणारी होती. माणूस मारायला ती पुरेशी आहेत. प्रश्न आहे तो ती कोणत्या कामाला नीट पडतात याचा.

रेंजसाठी तरी ते उपयोगी पडेल, असं मी स्वतःला समजावलं, आणि इथं मला माझ्या आवडीनंच सुधारलं. खरंखुरं शिकायचं म्हणून मी एअर पिस्तुलाच्या सरावाला जाऊ लागलो. १० मीटर अंतर, ४.५ मिमीचा शिशाचा छर्रा, कागदाच्या मधोमध साडेअकरा मिलिमीटरचं वर्तुळ, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. स्पर्धेत साठ छर्रे, सव्वा तासात. एका हातानं. दुसरा हात खिशात किंवा कमरेला. चाप किमान पाचशे ग्रॅमच्या ताणाचा, त्याहून हलका चालत नाही.

पहिल्या दिवशी प्रशिक्षकानं मला छर्राच दिला नाही. कोऱ्या भिंतीकडे पिस्तूल रोखून उभं राहायचं, फोरसाइट मागच्या खाचेच्या बरोबर मध्ये धरायची, तिच्या दोन्ही बाजूंना सारखा उजेड दिसला पाहिजे, आणि चाप असा ओढायचा की ती तसूभरही हलता कामा नये. मी सैन्यात काय चालतं हे सिनेमात पाहिलेला माणूस. मला वाटलं होतं की नेम म्हणजे लक्ष्यावर डोळा ठेवणं. ते म्हणाले, “काका, लक्ष्य धूसर दिसू दे. पुढची खूण स्वच्छ दिसली पाहिजे. बाकी सगळं तुमच्या श्वासात आहे.” अर्ध्या तासात दंड थरथरायला लागला. कित्येक आठवडे मी फक्त तेवढंच केलं, आणि एवढं समाधान मला अनेक वर्षांत कशानं मिळालं नव्हतं. छर्रा कुठं लागेल हे चाप सुटायच्या आधीच कळायला लागतं, तेव्हा आत काहीतरी शांत होतं. टेक्सासच्या रेंजवर मला जे सापडलं होतं ते पिस्तुलात नव्हतं, ते याच शांततेत होतं, आणि ती मिळवायला .४५ लागत नाही आणि .३२ ही लागत नाही.

उलट .३२ चं खिशातलं पिस्तूल रेंजवर नेलं असतं तर मी बिघडलोच असतो. खेळाच्या २५ मीटर प्रकारात .२२ ची लांब नेमरेषेची पिस्तुलं लागतात, त्यांचा चाप हजार ग्रॅमचा. सेंटर फायर प्रकारात .३२ चालतं, पण ते वेगळं, चपट्या तोंडाच्या गोळीचं, लक्ष्यभेदासाठी घडवलेलं हत्यार. घरात ठेवायच्या पिस्तुलाचा त्याच्याशी नावापुरताच संबंध. शिवाय वर्षाला किती काडतुसं घ्यायची याची मर्यादा परवान्यावर असते, आणि प्रत्येक काडतुसाचा हिशेब ठेवावा लागतो. एअर पिस्तुलाला तसं काही नाही. २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेचं आणि .१७७ बोअरपर्यंतचं असेल तर परवानाही लागत नाही. दिवसाला शंभर छर्रे झाडा, खर्च चहा-भजीच्या बिलाइतका.

आपल्या मराठी माणसांचा या खेळाशी जुना संबंध आहे, तोही मला इथंच उमगला. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा त्यांच्याच नावानं होते, आणि देशभरातले होतकरू नेमबाज त्या पायरीवरून वर जातात. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २५ मीटर पिस्तुलात २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. राधानगरीच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला रायफलमध्ये कांस्यपदक आणलं. कांबळवाडी काही शहर नव्हे. आमच्याकडच्या तोर्से, इब्रामपूर, लाटंबार्से यांच्यासारखंच गाव. हे वाचलं आणि नेमबाजी ही श्रीमंतांची हौस आहे असं जे मी मानत आलो होतो, तेही मत गेलं.

आता घराचं. हा भाग मला सगळ्यात जड गेला.

आमच्या वाड्यावर सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार आहेत. अर्जाचं कळल्यावर एके संध्याकाळी ते आले आणि त्यांनी मला सरळ विचारलं, “पिस्तूल कुठं ठेवणार?” म्हटलं, लोखंडी कपाटात. “गोळ्या?” वेगळ्या कप्प्यात, कारण हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी अर्जातच लिहून द्यावी लागते. “किल्ली?” माझ्या उशीखाली. ते म्हणाले, “ठीक. आज रात्री दिवे घालवून झोपा. मी कधीतरी मागच्या दाराची कडी वाजवीन. तुम्ही उठा, कपाट उघडा, दोन्ही कप्पे उघडा, मॅगझीन भरा आणि ओसरीवर या. पिस्तुलाऐवजी हातात टॉर्च धरा. पण चाप ओढायच्या जागी बटण दाबायचं, हे ठरलं.”

मी तसं केलं. कडी वाजली, मी उठलो, चष्मा शोधला, किल्ली शोधली. मॅगझीन भरल्याचं नाटक करायला सुद्धा बराच वेळ गेला. माजघरात आलो, समोर कोणीतरी उभं होतं, आणि मी बटण दाबलं. उजेडात आई दिसली. कडीच्या आवाजानं तीही उठली होती आणि पाण्याचा तांब्या हातात घेऊन कोण आलंय ते बघायला निघाली होती. तिच्या मागे एका प्लायवुडच्या दारापलीकडे मुलगा झोपला होता. आमच्या बाहेरच्या भिंती जांभ्या दगडाच्या, दोन हात जाड. त्यांतून गोळी जाणार नाही. पण आतली दारं आणि आडोसे प्लायवुडचे, ते गोळीला अडवत नाहीत.

सुभेदार आत येऊन बसले, काहीच बोलले नाहीत. त्यांनी आयुष्यभर हत्यार वापरलेलं. त्यांना काही बोलायची गरजही नव्हती. आई तेवढी म्हणाली, “पुता, आमकां नाका ती वस्त घरांत.” तिचं माहेर तोर्शाकडचं, पत्रादेवीच्या अंगाला. १५ ऑगस्ट १९५५ ला पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, पंजाबच्या करनैल सिंगांसारखे दूरदूरचे तरुण तिथं पडले, तेव्हा ती जेमतेम सात-आठ वर्षांची असेल. गोळीचा आवाज तिच्या लहानपणात असा आहे. तो मी इतकी वर्षं तिला कधी विचारला नव्हता, त्या रात्री तिनं आपण होऊन सांगितला.

यानंतर मी शांतपणे विचार केला. हत्यार पटकन हाताशी हवं असेल तर ते भरलेलं आणि उघड्यावर ठेवावं लागेल, म्हणजे मुलाच्या, पाहुण्यांच्या, भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या हातालाही ते लागेल. सुरक्षित ठेवायचं तर ते वेळेवर हाताशी येणार नाही. या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत, आणि कोणतंही महागडं पिस्तूल घेतलं म्हणून बसणार नाहीत.

कायद्याचंही बघितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घर फोडून आत शिरलेल्याविरुद्ध तो हक्क ४१ व्या कलमात चांगला रुंद आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, ही अट पहिल्यापासून शेवटपर्यंत कायम. म्हणजे अंधारात, अर्धवट झोपेत, एका क्षणात जे ठरवलं ते पुढं न्यायालयात कारणांसकट सिद्ध करायचं. ते ओझं उचलायला मी तयार होतो का? दरोडेखोराच्या बाबतीत कदाचित. माजघरातल्या सावलीच्या बाबतीत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या समाजात मोठ्यानं बोलली जात नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अडीच कोटींहून जास्त प्रौढांची बारा वर्षांची माहिती तपासून २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये बंदुकीनं आत्महत्येचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या आठपट निघालं. ते मी वाचलं आणि आमच्या नात्यातल्या एका माणसाची आठवण झाली. खाणी बंद झाल्या, ट्रकचं कर्ज थकलं, आणि दोन वर्षं तो घरात कोणाशी बोलत नव्हता. डिचोली-सत्तरीत खाणबंदीनंतर असे दिवस कित्येक घरांनी काढले. आज तो सावरला आहे, त्याच्या मुलीचं लग्नही झालं. त्या दोन वर्षांत त्याच्या घरात भरलेलं पिस्तूल नव्हतं, याबद्दल मी देवाचे आभार मानतो. माझ्याही घरात असे दिवस येणार नाहीत याची हमी कोण देईल?

निवडणुकीचंही सांगायला हवं. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. सगळ्यांची सरसकट जमा करू नयेत, ज्याची त्याची तपासणी करून ठरवावं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २००९ मध्येच सांगितलं आहे. तरी व्यवहारात बहुतेक शेतकरी नोटीस आली की बंदूक नेऊन देतात. २०२२ च्या १४ फेब्रुवारीला विधानसभेचं मतदान होतं, तेव्हा ऐन काजूच्या मोसमात बाबांची बंदूक ठाण्यात होती. म्हणजे ज्या पिस्तुलाच्या भरवशावर मी निर्धास्त झोपणार, ते दर निवडणुकीत काही आठवडे माझ्याकडे नसणार.

या सगळ्यातून कोणी असं समजू नये की मी प्रत्येक परवान्याच्या विरोधात गेलो आहे. बाबांच्या बंदुकीबद्दल माझं मत बदललेलं नाही, ती मी नावावर करून घेणार आहे. डोंगराकडेच्या बागायतदाराला ती लागते, आणि शेतकऱ्याला ती वागवायची शिस्त असते: नळी उघडी, काडतूस वेगळं, वापरून झाली की तेल लावून खुंटीवर नव्हे तर कुलपात. २०२५ च्या सप्टेंबरात दोडामार्गाकडून ओंकार नावाचा हत्ती पेडण्यात उतरला, मोपा-तांबोसे-तोर्से पट्ट्यात केळी आणि भातशेती तुडवत फिरला, तेव्हा बंदुका असलेल्या घरांतूनही कोणी वेडेपणा केला नाही. ज्यांच्या जिवाला खरोखर, नाव घेऊन धोका आहे त्यांचाही प्रश्न वेगळा, आणि कायद्यात त्यांच्यासाठी वाट आहे. माझा धोका तसा नव्हता. माझी होती ती काळजी, आणि एक आवड. या दोन्हींना मी एकाच पिस्तुलात बसवू पाहत होतो.

काळजीचं मी दुसऱ्या मार्गानं बघितलं. मागच्या पडवीला जाळी, दोन्ही दारांना आतून आडणा, अंगणात हालचाल झाली की लागणारे दिवे, वाड्यावरच्या पाच घरांत रात्री वाजवायची एकच घंटा, आणि मी बाहेर असलो की सुभेदारांचा मुलगा आमच्या ओसरीवर झोपायला. यानं दरोडा अशक्य होत नाही हे मला ठाऊक आहे. पण यातल्या कशानंही आईला इजा होणार नाही.

आवड मात्र मी सोडलेली नाही. पिस्तुलासाठी बाजूला काढलेल्या पैशांतून देशी बनावटीचं एअर पिस्तूल घेतलं, आणि उरलेल्यातून छर्रे आणि कागदी लक्ष्यं. मुलगाही येतो सरावाला, आणि त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. अर्ज मी मागे घेतला तेव्हा खिडकीवरच्या माणसानं कारण विचारलं. “आता गरज नाही,” एवढंच सांगितलं, कारण हे सगळं तिथं उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं.

तुमच्यापैकी कोणी सध्या तोच अर्ज भरत असेल तर माझी एक विनंती आहे. पैसे भरण्याआधी काही महिने १० मीटरच्या रेंजवर जा, आणि एका रात्री घरातले दिवे घालवून, हातात टॉर्च घेऊन, कोणालातरी मागच्या दाराची कडी वाजवायला सांगा. आणि पेडणे-डिचोलीतल्या पंचायतींना आणि शाळांच्या व्यवस्थापनांना दुसरी विनंती: दहा मीटरच्या रेंजला एखादं रिकामं सभागृह, एका बाजूला भक्कम भिंत आणि एक जबाबदार प्रशिक्षक पुरतो. आपल्या मुलांना अजून त्यासाठी तालुक्याबाहेर जावं लागतं. एखाद्या शाळेनं पुढाकार घेतला तर लक्ष्यपेट्या बसवायला आणि रविवारी मुलांवर लक्ष ठेवायला मी आणि सुभेदार दोघंही यायला तयार आहोत.